दोन दांडे, एक रेषा

पुण्याजवळ खडकीस १९४६ सालीं किर्लोस्कर ऑइल एंजिन्स ही कंपनी स्थापन झाली. पुढें शेजारच्या पिंपरी-चिंचवडमध्येंही एंजिनें होऊं लागलीं. डिझेल एंजिन कारखान्यांत कितीही अचूक घडविलें, तरी मासेमारीच्या होडींत त्याची परीक्षा होते ती बसवणींत. एंजिनाचा दांडा व पंख्याचा दांडा एका सरळ रेषेंत हवेत. दोहोंना जोडणाऱ्या कपलिंगच्या तबकड्या समोरासमोर आणून वर, खालीं, डावीकडे व उजवीकडे मधली फट पातळ पोलादी पात्यांनीं मोजतात. चार इंची तबकडीस फटींतील फरक साधारणतः ४ सहस्रांश इंचांपेक्षां अधिक नसावा. पाण्यांत उतरल्यावर होडीचा सांगाडा किंचित् वांकतो. म्हणून होडी तरंगूं लागल्यावर हें माप पुन्हां घ्यावें लागतें. फरक राहिल्यास हादऱ्यांनीं बेअरिंगें झिजतात, दांड्याभोंवतीचें पॅकिंग सैल पडतें आणि भर समुद्रांत पाणी आंत शिरूं लागतें.