बार्शी आणि मुंबई : कर्करोगाच्या दोन नोंदींचा मागोवा

एखाद्या ठरावीक प्रदेशात राहणाऱ्या लोकांपैकी दरवर्षी किती जणांना नव्याने कर्करोग होतो, याची पद्धतशीर नोंद ठेवण्यास भारतात प्रथम सुरुवात झाली ती १९६३ साली, मुंबईत. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने हे काम हाती घेतले. त्याआधी कर्करोगाविषयी जी आकडेवारी होती ती रुग्णालयांची होती. परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९४१ पासून देशाच्या कानाकोपऱ्यातून रुग्ण येत होते. परंतु रुग्णालयाच्या दारात आलेल्यांची मोजदाद करून एखाद्या प्रदेशात रोग किती आहे हे सांगता येत नाही, कारण जे आलेच नाहीत त्यांचा पत्ता त्या मोजणीला लागत नाही. लोकसंख्याधारित नोंदणी ही उणीव भरून काढते. ठरलेल्या हद्दीतील सर्व रुग्णालये, रोगनिदानाच्या प्रयोगशाळा आणि मृत्युनोंदणीची कार्यालये यांकडून माहिती गोळा करायची, त्यातून त्या हद्दीतील रहिवासी तेवढे वेगळे काढायचे, एकाच रुग्णाची दोनदा झालेली नोंद गाळायची आणि मग त्या संख्येला तेथील लोकसंख्येने भागायचे, अशी ही रीत आहे.

या भागाकारातून मिळणारा आकडा म्हणजे नवरुग्णदर, म्हणजे एका वर्षात दर लाख लोकांमागे नव्याने निदान झालेल्या रुग्णांची संख्या. दोन प्रदेशांची तुलना करताना मात्र तो जसाच्या तसा वापरता येत नाही. कर्करोग हा मुख्यत्वे उतारवयाचा रोग असल्याने ज्या प्रदेशात वृद्ध अधिक तेथे तो अधिक दिसणारच. म्हणून सर्व प्रदेशांची वयोरचना एकसारखी आहे असे गृहीत धरून दर पुन्हा काढला जातो आणि त्याला वयप्रमाणित दर म्हणतात. जपानी संशोधक मित्सुओ सेगी यांनी १९६० साली मांडलेली काल्पनिक जागतिक लोकसंख्या पुढे थोड्या फेरफाराने यासाठी जगभर रूढ झाली, आणि भारतातील नोंदण्याही तीच वापरतात.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १९८१ च्या अखेरीस राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रम सुरू केला, तेव्हा त्यातील लोकसंख्याधारित नोंदण्या होत्या मुंबई, बंगळूर आणि मद्रास येथील. देशाची तीन चतुर्थांशाहून अधिक लोकसंख्या त्या काळी खेड्यांत राहत होती, आणि देशाच्या कर्करोगाचे चित्र मात्र तीन महानगरांवरून रेखाटले जात होते. खेड्यांत नोंदणी करणे अवघड होते हे खरे. जेथे तालुक्याच्या ठिकाणीही गाठीचा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्याची सोय नव्हती, तेथे गोळा करायला कागदच नव्हते.

ही कोंडी १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे फुटली. तेथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाच्या आधाराने देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी उभी राहिली. बार्शीसह तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील परंडा आणि भूम हे तालुके तिच्या कक्षेत होते; गावे ३४६ आणि लोकसंख्या सुमारे ४ लाख. डॉ. भगवान नेने आणि कस्तुरी जयंत यांची नावे या कामाशी निगडित आहेत. शहरातील नोंदणीप्रमाणे रुग्णालयांतील कागदांवर विसंबणे येथे शक्य नसल्यामुळे रीतच उलटी करण्यात आली. क्षेत्रकर्मचारी ठरावीक काळाने गावोगाव जात, सरपंच, शिक्षक, दाई, आरोग्यसेवक अशा गावाची खबर असणाऱ्यांना भेटत, न भरणारी जखम, अंगावरून अवेळी जाणारे रक्त, स्तनातील गाठ, गिळताना होणारा त्रास अशा लक्षणांची माहिती लोकांना देत, संशयित रुग्णांना बार्शीच्या रुग्णालयात तपासणीसाठी येण्यास राजी करत आणि त्या काळात झालेल्या मृत्यूंची चौकशीही करत. नोंद करण्यासाठी आधी निदान घडवून आणावे लागत होते. ग्रामीण आरोग्याच्या इतिहासात या कामाची जेवढी दखल घेतली जायला हवी होती, तेवढी ती घेतली गेलेली नाही.

या नोंदणीचे पहिले आकडे हाती आले तेव्हा बार्शी परिसरातील वयप्रमाणित दर मुंबईच्या साधारण निम्मा भरला. पुरुषांच्या बाबतीत अंतर अधिक होते, स्त्रियांच्या बाबतीत काहीसे कमी. पहिली शंका साहजिकपणे अपुऱ्या नोंदीची आली, आणि ती पूर्णपणे निराधारही नव्हती. खेड्यातील वृद्ध माणूस अन्न जाईनासे होऊन खंगत गेला तर ते म्हातारपण मानले जाई. मेंदू, यकृत, स्वादुपिंड अशा खोलवरच्या अवयवांतील रोगाचे निदान तर यंत्रांवाचून होतच नसे. त्यात राहण्याच्या पत्त्याचा प्रश्न होता. ज्या प्रदेशात रुग्ण किमान वर्षभर राहत आला, त्या प्रदेशाच्या खात्यावर त्याची नोंद करायची असा नियम आहे. पण उपचारासाठी मुंबईत आलेला सोलापूरचा किंवा कोकणातला माणूस कागदावर चाळीतल्या नातेवाइकाचा पत्ता देतो, तेव्हा तो गावाच्या आकड्यातून वजा होऊन मुंबईच्या आकड्यात जमा होण्याचा धोका असतो. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत मुक्कामाला असणाऱ्या परगावच्या कर्करुग्णांची संख्या पाहिली, तर हा धोका किती मोठा होता याची कल्पना येते.

तरीही सगळा फरक अपुऱ्या नोंदीने उलगडत नाही, कारण फरक सर्व अवयवांमध्ये सारखा नव्हता. नोंदच तोकडी असती, तर सर्वच कर्करोग कमी-अधिक सारख्या प्रमाणात घटलेले दिसायला हवे होते. प्रत्यक्षात गर्भाशयमुखाचा कर्करोग, ज्याचे निदान करायला गावातील स्त्रीला शहरी स्त्रीपेक्षा कितीतरी अधिक अडथळे ओलांडावे लागत, तो बार्शीत मुंबईपेक्षा अधिक आढळला. आणि स्तनाचा कर्करोग, ज्याची गाठ हाताला लागते, तो मुंबईच्या सुमारे एक तृतीयांश. पुरुषांमध्ये मुंबईत फुप्फुसाचा कर्करोग वरच्या क्रमांकावर होता, तर बार्शीत घशाचा खालचा भाग आणि अन्ननलिका यांचा; शहरात विरळ असलेला शिश्नाचा कर्करोगही बार्शीत ठळकपणे दिसत होता. दोन्हीकडचे आयुष्यच निराळे होते आणि रोग त्या आयुष्यामागोमाग आला होता.

गर्भाशयमुखाचा कर्करोग बहुतांश ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या संसर्गातून होतो, हा संबंध दाखवणाऱ्या हाराल्ड त्सुर हाउजेन यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कोवळ्या वयातील लग्न, अनेक बाळंतपणे, न्हाणीघर आणि पुरेसे पाणी यांचा अभाव या गोष्टी त्या धोक्यात भर घालतात, आणि दुष्काळी बालाघाटाच्या पायथ्याशी त्या काळी या सर्व गोष्टी एकत्र नांदत होत्या. स्तनाच्या कर्करोगाचे गणित जवळपास उलटे आहे : उशिरा होणारे पहिले मूल, मोजकी अपत्ये, कमी काळ स्तनपान आणि वाढते वजन यांनी धोका वाढतो. जस्सावाला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी समाजाचा वेगळा अभ्यास केला, तेव्हा उशिरा लग्न करणाऱ्या, सुशिक्षित पारशी स्त्रियांत स्तनाचा कर्करोग शहरातील इतर समाजांपेक्षा अधिक आणि तंबाखूजन्य कर्करोग कमी असल्याचे आढळले होते. म्हणजे एकाच शहरात, एकाच हवेत राहूनही जगण्याच्या रीतीप्रमाणे रोगाचे वाटप बदलत होते. तंबाखूने मात्र शहर आणि खेडे यांत भेद केला नाही. शहरात विडी-सिगारेट आणि पुढे गुटखा, गावात चुना-तंबाखू, आणि दोन्हीकडच्या स्त्रियांत भाजलेल्या तंबाखूची मिश्री, जी दात घासण्याच्या निमित्ताने दिवसातून अनेकदा हिरड्यांवर फिरवली जाते. महाराष्ट्राने २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी घातली. मिश्री अजूनही घरच्या तव्यावर भाजली जाते.

येथवरच्या इतिहासावरून खेडे सुरक्षित आणि शहर धोक्याचे असा निष्कर्ष काढणे सोपे होते, आणि तो वारंवार काढलाही गेला. त्याला सर्वांत मोठा धक्का दिला तो मृत्यूंच्या आकडेवारीने. २००१ ते २००३ या काळात देशभरातील सुमारे ११ लाख घरांत झालेल्या मृत्यूंची, घरच्यांना लक्षणे विचारून आणि ती दोन डॉक्टरांकडून स्वतंत्रपणे तपासून घेऊन, कारणनिश्चिती करण्यात आली. डॉ. राजेश दीक्षित आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये मांडलेल्या निष्कर्षानुसार ३० ते ६९ या वयोगटात कर्करोगाचा दर लाखामागील मृत्युदर ग्रामीण पुरुषांत ९५.६ आणि शहरी पुरुषांत १०२.४ होता, तर ग्रामीण स्त्रियांत ९६.६ आणि शहरी स्त्रियांत ९१.२. नोंदलेल्या नवरुग्णांत जवळपास दुपटीचा फरक आणि मृत्यूंत मात्र जवळपास बरोबरी! याचे दोनच अर्थ संभवतात आणि दोन्ही खरे आहेत : खेड्यातील काही रोग निदानाविनाच माणसाला घेऊन जातो, आणि ज्याचे निदान होते तो इतका उशिरा हाती लागतो की रोगी वाचण्याची शक्यता शहराच्या तुलनेत कमी उरते. त्याच अभ्यासात सर्वांत कमी शिकलेल्यांचा कर्करोग-मृत्युदर सर्वाधिक शिकलेल्यांच्या दुपटीहून अधिक निघाला. गाव की शहर यापेक्षा शाळा किती झाली, हा प्रश्न अधिक निर्णायक ठरला.

हीच विसंगती, वेगळ्या प्रमाणात, अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही दिसते. तेथील काउंटी, म्हणजे आपल्या जिल्ह्याशी ढोबळपणे तुलना करता येईल असा प्रशासकीय विभाग, महानगरी ते निव्वळ ग्रामीण अशा श्रेणींत वाटलेल्या आहेत. तेथील रोगनियंत्रण केंद्रांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात २००९ ते २०१३ या काळातील नवरुग्णदर ग्रामीण काउंटींत लाखामागे ४४२ आणि महानगरी काउंटींत ४५७ होता. मृत्युदर मात्र २०११ ते २०१५ या काळात ग्रामीण भागात १८० आणि महानगरांत १५८. फुप्फुस, मोठे आतडे आणि गर्भाशयमुख यांचे कर्करोग, म्हणजे जे तंबाखू सोडल्याने किंवा वेळेवर तपासणी केल्याने टळतात तेच, ग्रामीण काउंटींत अधिक होते. बार्शीचा आकडा आणि अमेरिकी ग्रामीण काउंटीचा आकडा यांत कितीतरी पटींचे अंतर आहे, पण नोंदीत खाली आणि मृत्यूत वर किंवा बरोबरीला, ही खेड्याची जागा दोन्हीकडे ओळखू येते.

'ग्रामीण' या एकाच शब्दाखाली सर्व खेडी बसवता येत नाहीत, हेही या काळात स्पष्ट झाले. केरळच्या कोल्लम जिल्ह्यातील करुनागपल्ली येथे किनाऱ्यावरील मोनाझाइट वाळूतून येणाऱ्या नैसर्गिक किरणोत्साराचा परिणाम तपासण्यासाठी १९९० मध्ये नोंदणी सुरू झाली. किरणोत्सारामुळे कर्करोग वाढल्याचे तेथे आढळले नाही, पण तो भाग ग्रामीण असूनही तेथील दर बार्शीच्या बराच वर होता. साक्षरता आणि रुग्णालये जवळ असली की खेड्यातील रोगही नोंदीत उतरतो. राष्ट्रीय कार्यक्रमाच्या २०१२ ते २०१६ या काळाच्या अहवालात देशातील सर्वांत कमी दर उस्मानाबाद व बीड या जिल्ह्यांचा आहे, पुरुषांत ३९.५ आणि स्त्रियांत ४९.४, सर्वांत जास्त दर पुरुषांत मिझोरममधील ऐझॉल जिल्ह्याचा, २६९.४, आणि स्त्रियांत अरुणाचल प्रदेशातील पापुमपारे जिल्ह्याचा, २१९.८. मुंबई किंवा दिल्ली यांपैकी कोणतेही महानगर या यादीच्या टोकाला नाही.

मराठवाड्याचा हा कमी दर समाधान मानण्याजोगा नाही, याची साक्ष त्याच भूमीवर झालेल्या दुसऱ्या एका कामाने दिली आहे. ऑक्टोबर १९९९ पासून उस्मानाबाद जिल्ह्यातील गावांचे ५२ गट पाडून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर तपासणीच्या तीन पद्धती पडताळण्यात आल्या : विषाणूची चाचणी, गर्भाशयमुखावरील पेशींची चाचणी आणि ॲसिटिक आम्ल लावून केलेली साध्या डोळ्यांची पाहणी. गावांचे हे गट चार भागांत वाटले होते; तुलनेसाठी ठेवलेल्या चौथ्या भागाला तपासणी देण्यात आली नव्हती, आणि त्यावरून पुढे नैतिकतेचा गंभीर वाद झाला. तो वाद अनाठायी नव्हता. आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर डॉ. शंकरनारायणन, डॉ. नेने आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आयुष्यात एकदाच झालेल्या विषाणू चाचणीमुळे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले : तपासणी न झालेल्या गटात ६४, चाचणी झालेल्या गटात ३४. ज्यांच्यात विषाणू आढळला नाही, त्यांच्यापैकी एकीचाही या रोगाने मृत्यू झाला नाही. जगभरच्या तपासणी धोरणांना दिशा देणारा हा पुरावा बार्शीच्या नोंदणीने घडवलेल्या माणसांच्या आणि विश्वासाच्या बळावर उभा राहिला होता.

दरम्यान दोन्ही नोंदींतील आकडे हलत होते. मुंबईत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा दर सातत्याने उतरला आणि स्तनाच्या कर्करोगाने त्याला मागे टाकले. बार्शीतही तोच क्रम उशिराने आणि मंदगतीने सुरू झाला : गर्भाशयमुखाचा दर खाली आला, स्तनाचा चढू लागला. लग्नाचे वय वाढले, कुटुंबे लहान झाली, घरात पाणी आले. शहरात जे काही दशकांपूर्वी घडले ते गावात आता घडत आहे, आणि स्तनाच्या गाठीची सोनोग्राफी, मॅमोग्राफी, बायोप्सी अशी साखळी मात्र अजून जिल्ह्याच्या ठिकाणीही सर्वत्र पूर्ण नाही.

केंद्र सरकारने २०१६ मध्ये तीस वर्षांवरील सर्वांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांच्या तपासणीच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यानंतर झालेल्या २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची तपासणी आयुष्यात एकदा तरी झालेल्या स्त्रियांचे प्रमाण देशभरात १.९ टक्के होते.