पत्त्यावरची टिटवी

पत्त्यावरचे पात्र पुस्तकातल्या चित्रासारखे निवांत कोणी पाहत नाही. पाने हातात पसरली की प्रत्येकाची डावी कडच काय ती उघडी राहते, आणि टाकलेले पान समोरच्या भिडूला उलटे दिसते. तेवढ्यावरून ओळख पटली पाहिजे. पात्राची आखणी, रंग, रेषेची जाडी हे सारे या एका अटीला बांधलेले असते.

ही अट सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले पत्ते, घडवणाऱ्यांनी फार पूर्वी पुरी केली. गंजिफ्याचा खेळ हिंदुस्थानात मुघलांच्या काळात रुजला. बाबराने १५२७ साली सिंधमध्ये शाह हसनकडे गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. पुढे देशी चित्रकारांनी त्यात विष्णूचे दहा अवतार आणले. दशावतारी गंजिफ्यात प्रत्येक अवताराची बारा, म्हणजे एकूण १२० गोल पाने असतात. राजा आणि प्रधान ही दोन चित्रांची, बाकीची दहा चिन्हांची. मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू. शिवाय प्रत्येक अवताराची जमीन वेगळ्या रंगाची, त्यामुळे चिन्ह झाकले गेले तरी पान कोणाचे ते समजते. एक्क्यापासून दहिल्यापर्यंत मिळून एका अवताराचे चिन्ह ५५ वेळा काढावे लागते, साऱ्या जोडात ५५० वेळा. इतक्यांदा काढायच्या माशाला फार खवले परवडत नाहीत. मोजक्या फटकाऱ्यांत तो मासा दिसायलाच हवा. ही कला विझत आली असता राजेसाहेब शिवराम सावंत भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी १९७०च्या दशकात सावंतवाडीच्या राजवाड्यात तिला पुन्हा उभे केले.

संगणकावरचे वेक्टर चित्र याच काटकसरीवर चालते. फोटोत रंगाचे लाखो ठिपके साठवलेले असतात. वेक्टरमध्ये फक्त बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या वक्ररेषांचे गणित. म्हणून तेच चित्र पत्त्यावर आणि चौकातल्या फ्लेक्सवर सारखेच धारदार उमटते. या वक्ररेषा १९६०च्या आसपास फ्रान्समधल्या मोटारींच्या कारखान्यांत घडल्या. सित्रोएनचे पॉल द कास्तेल्जो आणि रेनोचे पिएर बेझिए यांना मोटारीच्या पत्र्याचा बाक अचूक मांडायचा होता. आज कोरलड्रॉ, इलस्ट्रेटर आणि फुकट मिळणारे इंकस्केप ही सगळी त्याच गणितावर उभी आहेत.

आपला स्वतःचा पत्त्यांचा जोड काढायचा, तर नवे पात्र कुठून आणायचे? परक्या सिनेमातला ड्रॅगन उचलण्यापेक्षा आपले शिवार धुंडाळलेले बरे. सोलापूरहून अक्कलकोटकडे जाताना लागणाऱ्या वळसंगच्या परिसराचे उदाहरण घेता येईल. ज्वारीची रानं, मधूनमधून खडकाळ माळ आणि त्यावर टिटवी. डोके, गळा, छाती काळी. डोळ्यामागून मानेवर उतरणारा पांढरा पट्टा. डोळ्यापुढे लाल मांसल झालर. लाल चोचीचे टोक काळे. पाय लांब आणि पिवळे. पाठ तपकिरी असली तरी बाकीचे रंग एकमेकांपासून इतके फटकून आहेत की चित्रकाराचे अर्धे काम निसर्गानेच करून ठेवले आहे.

स्वभावही पात्राला साजेसा. टिटवी उघड्या जमिनीवर, खड्यांत मिसळून जाणारी ठिपकेदार अंडी घालते, बहुधा चार. कोणी जवळ आले की कलकलाट करते, कधी पंख मोडल्याचे सोंग घेऊन शत्रूला दूर नेते. खेळातली तिची शक्ती इथेच मिळते: इशारा देणारी राखणदारीण, किंवा भिडूला हुलकावणी देणारे पान. आधी शक्ती ठरवून मग तिला चेहरा चिकटवला, तर पात्र उपरे वाटते.

पहिले कच्चे चित्र कागदावर पेन्सिलीने काढावे आणि मग सगळे काळे भरून पाहावे. निव्वळ काळ्या छायेवरून, अंगठ्याएवढ्या आकारात टिटवी ओळखू आली नाही तर ठेवण बदलावी. लोंबलेला पंख आणि ताणलेले पाय इथे उपयोगी पडतात. त्यानंतर स्कॅन करून त्यावर पेन टूलने रेषा ओढायची. नवशिके इथे सढळ हाताने बिंदू टाकतात आणि पाठीची रेषा दातेरी होते. बाक जिथे वळण घेतो तिथेच बिंदू द्यावा. शरीराची बाह्यरेषा बारा-पंधरा बिंदूंत सहज बसते. एका क्लिकवर फोटोचे वेक्टर करून देणारे ‘ट्रेस’ सोयीचे खरे, पण ते शेकडो अनावश्यक बिंदू ओततात आणि चित्रात काढणाऱ्याचा हात उरत नाही. शरीर, पंख, डोके, पाय वेगळ्या लेअरवर ठेवावेत. मग त्याच टिटवीची दुसरी ठेवण पंख फिरवून होते. छोटे चिन्ह एकदाच काढून त्याचे क्लोन करावेत: मूळ सुधारले की ५५ ठिकाणी आपोआप सुधारते.

पत्त्याचे प्रचलित माप ६३ × ८८ मिलिमीटर. कापताना सुरी थोडी सरकतेच, म्हणून जमिनीचा रंग चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर न्यावा, ज्याला छापखान्यात ब्लीड म्हणतात. आणि मजकूर, चिन्हे तितकीच आत ठेवावीत. ओळखीचे चिन्ह डाव्या वरच्या कोपऱ्यात हवे, आणि तेच उलटे करून उजव्या खालच्या कोपऱ्यात. देवनागरीला वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार लागतात, तेव्हा ओळींमधली जागा इंग्रजीपेक्षा सैल सोडावी.

पडद्यावरचे झगझगीत हिरवे-निळे कागदावर मळकट उतरतात. म्हणून फाइल सुरुवातीपासून सीएमवायके या छपाईच्या रंगपद्धतीत असावी. टिटवीच्या झालरीला मॅजेंटा आणि पिवळा शंभर-शंभर टक्के दिले की लाल ठसठशीत येतो. बारीक अक्षरे निव्वळ काळ्या शाईत ठेवावीत, नाहीतर रंग जरा सरकला तरी कडा दुहेरी दिसतात. फाइल देण्याआधी अक्षरे कर्व्ह करायलाच हवीत, म्हणजे फॉन्टऐवजी त्यांचे रेषांत रूपांतर करायला हवे. प्रेसच्या संगणकावर तो फॉन्ट नसला तर जोडाक्षरे फुटतात. कर्व्ह न केलेली प्रत मात्र दुरुस्तीसाठी घरी ठेवावी. १२ × १८ इंची कागदावर ब्लीडसह १८ पाने बसतात, म्हणजे ५४ पानांचा जोड तीन कागदांत होतो. ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन आणि गोल कापलेले कोपरे एवढे केले की जोड खेळायला तयार.

टिटवी कोणाच्याही मालकीची नाही आणि मत्स्यावताराची कल्पनाही नाही. पण एखाद्या कारागिराने रंगवलेला विशिष्ट मासा त्याचा असतो, तो ट्रेस करून वापरता येत नाही. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातभर आणि पुढे ६० वर्षे टिकतो, त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. नक्कल झाल्यास पुरावा मात्र लागतो, म्हणून पेन्सिलीची कच्ची चित्रे आणि मूळ फाइल तारखेसह जपून ठेवावी.