मोटार अडून बसते तेव्हां

ज्या घरांत दहाबारा माणसें एकत्र नांदतात त्या घरांतील मोटार कोणा एकाची नसते. ती मुलांना शाळेंत पोंचविते, लेकीसुनांना माहेरीं नेते आणि वडीलधाऱ्यांना डॉक्टरांकडे घेऊन जाते. म्हणूनच ती अडून बसली म्हणजे साऱ्या घराचें अडतें. असें असूनही तिच्याविषयींचें आपलें ज्ञान बहुधा किल्ली फिरविण्यापुरतेंच असतें. ही उणीव किती महाग पडूं शकते, हें आम्हांस अनुभवानें कळलें. तो अनुभव वाचकांपुढें ठेवीत आहों.

गेल्या मार्गशीर्षांत एके दिवशीं पहांटे चारच्या सुमारास आमच्या थोरल्या बंधूंच्या छातींत कळ येऊं लागली व अंगास दरदरून घाम सुटला. इस्पितळ जवळच होतें. आम्हीं धांवत जाऊन मोटारीची किल्ली फिरविली. ‘टक् टक् टक्’ एवढाच आवाज ! पुन्हा फिरविली, तोच आवाज, पण अधिक क्षीण. मग एकत्र कुटुंबांत व्हावयाचें तेंच झालें. धाकटे बंधू म्हणाले, ‘पेट्रोल संपलें असेल.’ पुतण्या म्हणाला, ‘ढकलून पाहूं या.’ शेजारच्या गृहस्थांना प्लगचा संशय आला. आम्ही मात्र प्रत्येक सल्ल्यासरशी किल्ली फिरवीत राहिलों. अखेर पुतण्याची पत्नी पुढें येऊन म्हणाली, ‘काका, किल्ली फिरवितांना आंतला दिवा मावळतो आहे. वीजच पोंचत नाहीं. आतां गाडी राहूं द्या. मीं १०८ ला फोन केला आहे.’

रुग्णवाहिका आली, बंधूंना वेळेवर उपचार मिळाले आणि आज ते सुखरूप आहेत. परंतु मोटारीपुढें आम्हीं दवडलेलीं तीं पंधरा मिनिटें अजूनही मनास टोंचतात. दुसऱ्या दिवशीं पाहतों तों बॅटरीच्या एका टोकावर पांढरट हिरवट क्षार सांचला होता व तारेची पकड सैल झाली होती. दहा मिनिटांचें काम, पण तें आधीं कोणी केलें नव्हतें !

पूर्वीं मोटारीच्या तोंडाशीं लोखंडी दांडा घालून इंजिन हातानें फिरवीत. तो उलटा फिरला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केलेला विजेचा स्टार्टर १९१२ सालच्या कॅडिलॅक मोटारींत आला आणि त्या कष्टांतून माणसाची सुटका होऊं लागली. परंतु तेव्हांपासून साऱ्या प्रारंभाचा भार बॅटरीवर पडला. म्हणून मोटार सुरू होत नसेल तर तर्क लढविण्यापूर्वीं वैद्यानें नाडी पाहावी त्याप्रमाणें आधीं लक्षणें पाहावींत.

पहिला प्रश्न असा कीं, इंजिन फिरतें कीं नाहीं ? मुळींच फिरत नसेल तर पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे लागतच नाहींत, मंद लागतात अथवा किल्ली फिरवितांच मावळतात, तर दोष बहुधा बॅटरीचा किंवा तिच्या जोडणीचा. लागोपाठ ‘टक् टक्’ ऐकूं येणें हेंही त्याचेंच लक्षण. दिवे प्रखर असून एकच ‘टक्’ होत असेल तर स्टार्टर बिघडल्याचा संशय घ्यावा. दिवे प्रखर, पण आवाज अजिबात नाहीं, अशा वेळीं प्रथम आपलीच चूक शोधावी. क्लच पुरता दाबला आहे ना ? आपोआप गिअर बदलणाऱ्या गाडीचा दांडा ‘पी’ किंवा ‘एन्’ वर आहे ना, आणि ब्रेकवर पाय आहे ना ?

इंजिन नेहमींच्या वेगानें फिरतें, पण पेट घेत नाहीं, तर बॅटरीस दोष देऊं नये. तेथें इंधन किंवा ठिणगी यांपैकीं कांहीं तरी कमी पडत आहे. टांकींत पेट्रोल आहे कीं नाहीं तें पाहावें. किल्लीच्या चित्राचा दिवा लुकलुकत असेल तर गाडीनें किल्लीच ओळखलेली नसते. दुसरी किल्ली लावून पाहावी. डिझेलच्या गाडींत वेटोळ्याच्या चित्राचा दिवा विझेपर्यंत थांबावें. मात्र कोणत्याही गाडींत किल्ली एका वेळीं दहा सेकंदांहून अधिक काळ धरूं नये व दोन प्रयत्नांच्या मध्यें विसांवा द्यावा. नाहीं तर असलेली शक्तीही खर्चून जाते व स्टार्टर तापतो.

बॅटरी उतरली असेल तर दुसऱ्या गाडीकडून वीज उसनी घेतां येते. पण क्रम चुकूं नये. तांबडी तार प्रथम आपल्या बॅटरीच्या धन टोकास, मग दुसरीच्या धन टोकास लावावी. काळी तार दुसरीच्या ऋण टोकास लावून तिचें शेवटचें टोक आपल्या इंजिनाच्या उघड्या धातूस, बॅटरीपासून दूर, जोडावें. सोडवितांना क्रम उलटा. बॅटरींतून पेट घेणारा हायड्रोजन वायु निघतो, म्हणून जवळ काडी ओढूं नये.

याहून चांगला उपाय म्हणजे आधींच लक्ष ठेवणें. मोटारींतील नेहमींची बॅटरी १२ व्होल्टची म्हणतात. पुरती भरलेली असतां व गाडी उभी असतां मापकावर सुमारें १२.६ दिसतात, १२ च्या खालीं ती जवळजवळ रिती समजावी. टोकांवर क्षार दिसल्यास आधीं ऋण, मग धन तार सोडवावी, खाण्याचा सोडा पाण्यांत कालवून पुसून घ्यावें, कोरडें करून पकडी घट्ट बसवाव्या आणि वर व्हॅसलीन लावावें. महिन्यांतून एकदां हें काम घरांतील मुलामुलींकडून करवून घ्यावें. त्यांना विद्या मिळेल, आपणांस निश्चिंती.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. घरांत कोणाच्या जिवावर बेतलें असतां मोटारीचें निदान करीत बसूं नये. महाराष्ट्रांत २०१४ सालापासून १०८ या क्रमांकावर डॉक्टरांसह रुग्णवाहिका येते. त्या रात्रीं आमच्या घरांत हें एकीलाच आठवलें. आतां तो आंकडा आमच्या दिवाणखान्यांत, देवघरांत आणि मोटारीच्या कांचेवर ठळक लिहिलेला आहे.