लपलेल्या फ्लोरीनचा ताळेबंद

जबलपूरच्या आग्नेयेस मंडला जिल्हा आहे. तेथील तिलईपानी या गावी मुलांचे पाय गुडघ्यांपाशी आत वळू लागले, तेव्हा त्याचे कारण हातपंपाच्या पाण्यात सापडले. आदिवासींच्या आरोग्यासाठी १९८४ साली जबलपूर येथे स्थापन झालेल्या संशोधन संस्थेने ही पाहणी केली. लिटरभर पाण्यात दीड मिलिग्रॅमहून अधिक फ्लोराइड असू नये, असा दंडक आहे. येथे दोषी द्रव्य परिचित होते, म्हणून ते मोजता आले आणि सुरक्षित पाण्याचा व पोषक आहाराचा उपायही सुचविता आला.

परंतु फ्लोरीनचे दुसरेही एक रूप आहे. अन्न न चिकटणारी भांडी, पाण्याने न भिजणारी वस्त्रे, आग विझविणारा फेस यांसाठी मनुष्याने जी संयुगे घडविली, त्यांत फ्लोरीन कार्बनशी अतिशय घट्ट जखडलेला असतो. ही संयुगे निसर्गात सहसा नष्ट होत नाहीत. आणि पाण्यातील फ्लोराइड मोजणाऱ्या उपकरणाला हा बांधलेला फ्लोरीन दिसतही नाही.

त्याचा सुगावा अमेरिकन शास्त्रज्ञ डोनाल्ड टेव्ह्ज यांना लागला. मानवी रक्तद्रवातील फ्लोराइड त्यांनी आधी थेट मोजले, मग तो रक्तद्रव जाळून त्याच्या राखेत मोजले. राखेतील आकडा मोठा निघाला! रक्तात फ्लोरीन दोन रूपांत असतो, हे त्यांनी १९६८ साली मांडले. पुढे १९७६ साली चुंबकीय अनुस्पंदनाच्या तंत्राने हा लपलेला भाग औद्योगिक संयुगांशी मिळताजुळता असल्याचे दिसून आले.

आजच्या शोधाचे तत्त्वही हेच आहे. पाणी, माती वा रक्त यांचा नमुना जाळून त्यातील एकूण सेंद्रिय फ्लोरीन मोजावयाचा, ज्ञात संयुगांचा वाटा त्यातून वजा करावयाचा. जी बाकी उरेल ती अज्ञातांची. त्यांची ओळख पटविण्यासाठी रेणूंचे वस्तुमान अतिसूक्ष्म मोजतात. एक कार्बन आणि दोन फ्लोरीन असा दुवा साखळीत वाढला, की वस्तुमान ४९.९९६८ एककांनी वाढते. अशा समान अंतराच्या पायऱ्या आढळल्या, की एकाच कुळातील संयुगे हाती लागतात.

म्हणून ‘फ्लोराइड मर्यादेत आहे’ हा दाखला खरा असला, तरी तो एकाच प्रश्नाचे उत्तर असतो. जमाखर्चात न जुळलेली रक्कम सोडून वही मिटू नये, हा साधा नियम पाण्याच्या आणि रक्ताच्या हिशेबालाही लागू आहे.