जुन्या गाडीचा खोडवा

(शेतकी विभागाकडून)



या पानावर आम्ही नेहमी लागण, खोडवा, खतांच्या मात्रा आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल लिहितो. या वेळी मोटारगाडीबद्दल लिहीत आहोत. कारखान्याच्या जुन्या डिझेल अँबॅसिडरबद्दल गेल्या सर्वसाधारण सभेत बरेच बोलले गेले. "भंगारावर पैसा कशाला?" असा प्रश्न एका सभासदाने केला. प्रश्न रास्त होता, त्याचे उत्तर देणे आमचे काम आहे. शिवाय या गाडीने आम्हाला जे शिकवले ते तुमच्या ट्रॅक्टरला आणि इंजिनालाही लागू पडते.

प्रथम खर्चाचे सांगतो. कारखान्याच्या खात्यातून यासाठी एक पैसाही पडलेला नाही. शेतकी विभागातील आजी-माजी कर्मचाऱ्यांनी वर्गणी काढली. गाडीची मालकी कारखान्याचीच राहील या अटीवर संचालक मंडळाने परवानगी दिली.

गाडी १९८५ सालची. हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसिडर मूळची इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली. १९५७-५८ पासून ती बंगालमधील उत्तरपाड्याला तयार होत असे आणि मे २०१४ मध्ये ते उत्पादन थांबले. १९८० च्या सुमारास तिला डिझेल इंजिन बसले आणि डिझेलवर चालणारी आपल्या देशातील पहिली मोटार म्हणून ती गाजली. इंजिन १४८९ सी.सी.चे, ताकद जेमतेम ३७ अश्वशक्ती. आजच्या एखाद्या ट्रॅक्टरची ताकदही याहून जास्त असते. चढाला ती बैलासारखी मान खाली घालून चढायची, पण चढायची. याच जातीची इंजिने इंग्लंडमध्ये कालव्यांवरच्या बोटींत आजही चालतात.

आपल्या गाडीने आधी चेअरमन साहेबांची सेवा केली, मग ती शेतकी विभागाकडे आली. उसाच्या नोंदी, बेण्याच्या फेऱ्या, उपसा सिंचन योजनांची पाहणी, सगळे तिच्यातून झाले. २०१२ पासून ती शेडमध्ये उभी होती. "भंगारात काढण्यास हरकत नाही" हा शेरा फाइलवर आम्हीच मारला होता. सेवानिवृत्त ड्रायव्हरमामा मात्र दर दिवाळीला यायचे, फडक्याने बॉनेट पुसायचे आणि म्हणायचे, "साहेब, एकदा सुरू करून बघा हो."

पहिला प्रयत्न आम्ही जवळच केला आणि फसलो. त्या कारागिराने टाकीतले अकरा वर्षांचे डिझेल तसेच ठेवले आणि सेल्फ मारमारून इंजिन फिरवले. पंप जाम झाला. तेव्हा आपल्या एका सभासदाचा मुलगा, जो अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, म्हणाला, "काका, गाडी आमच्याकडे आणा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांत मिळून होणार नाही असं काम नाही."

टेम्पोवर चढवून गाडी माळशेज घाटाने खाली उतरवली आणि मुरबाड-शहाडवरून उल्हासनगरला नेली. फाळणीनंतर आलेल्या सिंधी बांधवांना कल्याणच्या लष्करी छावणीत आसरा मिळाला आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचे उल्हासनगर झाले. आजही तिथे पत्ता 'कॅम्प नंबर' म्हणून सांगतात. हातात काही नसताना उभे राहिलेले हे गाव, त्यामुळे वस्तू टाकून देण्याआधी चार वेळा उलटीपालटी करून बघायची सवय तिथे मुरलेली आहे. जवळच कल्याण-डोंबिवलीच्या बाजूला प्रीमियर कंपनीचा कारखाना होता. १९९४ पासून काही वर्षे तिथे फ्रान्सची प्यूजो ३०९ ही गाडी जुळवली जात असे, डिझेलचीसुद्धा. तो प्रकल्प लवकरच बंद पडला, पण मोटारीचे काम जाणणारे हात या पट्ट्यात राहिले.

मिस्त्रींनी टाकीचा तळचा बूच काढला. आधी तपकिरी पाणी आले, मग डिझेलचा काळा गाळ. ते म्हणाले, "साहेब, इंजिन खराब नव्हतं झालं. तुम्ही त्याला पाणी पाजलंत."

याचे कारण सभासदांनी नीट समजून घ्यावे. पेट्रोल इंजिनात ठिणगी असते, डिझेलमध्ये ती नसते. आत घेतलेली हवा या इंजिनात २० पटींहून अधिक दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की नोझलमधून उडालेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने १८९७ मध्ये असे इंजिन यशस्वी करून दाखवले. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात याच पद्धतीचे एक इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवले गेले होते. सगळी करामत पंप आणि नोझल यांची. त्यांतले भाग इतके तंतोतंत बसवलेले असतात की मध्ये केसही जायचा नाही. तिथे पाण्याने गंज धरला की पंप जाम झालाच म्हणा. अर्धी टाकी रिकामी ठेवून गाडी उभी केली की आत हवेतला ओलावा धरतो आणि पाणी तळाशी बसते. पावसाळाभर बांधावर उभ्या असलेल्या तुमच्या ट्रॅक्टरचेही हेच होते.

पत्र्याचे आणि कुशनचे काम उल्हासनगरला झाले. बाहेरून चकचकीत दिसणाऱ्या दरवाज्यांखाली लांबी भरलेली आणि तिच्याखाली नुसता गंज. तळपत्रा दोन ठिकाणी बोटाने दाबला तर बोट आरपार गेले. मिस्त्रींनी सडका पत्रा कापून नवा जोडला, वरून लांबी थापली नाही. आम्हाला खोडव्याची आठवण झाली. ऊस तुटल्यावर बुडखे जमिनीलगत छाटावे लागतात, नांग्या भराव्या लागतात. नुसते पाणी सोडून वरून हिरवे दिसले म्हणजे खोडवा साधत नाही.

इंजिन उघडून बोअर, क्रँक आणि हेड अंबरनाथला नेले. तिथले शिवमंदिर शिलाहार राजांच्या काळातले, १०६० सालचे. वालधुनीच्या काठी ते जवळजवळ हजार वर्षे उभे आहे. नदीची मात्र सांडपाण्याने दैना झाली आहे. म्हणूनच असेल, आमचे मिस्त्री जळके ऑइल गटारीत न ओतता पिंपात साठवून विकायचे. आपणही ते बांधावर ओतू नये.

अंबरनाथच्या वर्कशॉपमध्ये हेडला दाब देऊन तपासणी झाली आणि दोन व्हॉल्व्हच्या मध्ये चीर निघाली. कारागिराने विचारले, "ही गाडी कधी तापलेली असताना तशीच चालवली होती का?"

ड्रायव्हरमामा शेजारीच उभे होते. ते काही बोलले नाहीत. आम्हाला मात्र २००७ सालची ती दुपार आठवली. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्रावरून को ८६०३२ चे बेणे मिळणार होते आणि आम्हाला उशीर झाला होता. वाटेत मामा म्हणाले, "साहेब, होज पाइप गळतोय, काटा वर चाललाय, अर्धा तास थांबू." आम्ही नोकरीत नवे, अंगात घाई. "थांबायचं नाही, चला," असे आम्हीच सांगितले. परत आल्यावर इंजिन बसले. अहवाल लिहायची पाळी आली तेव्हा आम्ही लिहिले, "चालकाने पाण्याकडे लक्ष न दिल्यामुळे इंजिन तापले." त्या कागदावर मामांना मेमो निघाला आणि एक वेतनवाढ रोखली गेली. त्या वेळी हेड घासून गॅस्केट बदलून गाडी कशीबशी चालू केली. ती सहा हजार फुटली तरी आवाज न करणारी चीर मात्र आतच राहिली.

हे आम्ही इतकी वर्षे कोणाला सांगितले नव्हते, खरे तर स्वतःलाही नाही. त्या संध्याकाळी वर्गणी संपत आली होती, दुसरे हेड शोधायचे की काम थांबवायचे हा प्रश्न होता. आम्ही मामांना विचारले, "त्या वेळी तुम्ही बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तुमची नवी नोकरी होती, साहेब. माझी पक्की होती."

दुसऱ्या दिवशी आम्ही कार्यालयाला लेखी कळवले की २००७ च्या अहवालातील ते वाक्य खोटे होते व ते आम्ही लिहिले होते. कार्यालयाने मामांच्या सेवापुस्तकात दुरुस्तीची नोंद केली. रोखलेल्या वेतनवाढीच्या फरकाचा हिशेब करून ती रक्कम आम्ही स्वतः मामांच्या घरी नेऊन दिली, आणि हेडचा खर्चही आम्हीच उचलला. मामांनी पैशाचे पाकीट बाजूला ठेवले आणि विचारले, "नव्या हेडचे नट-बोल्ट मोजून आवळले ना?" हे सगळे छापावे का, यावर आम्ही विचार केला. मेमो नोटीस बोर्डावर लागला होता, तेव्हा त्याची दुरुस्तीही सर्वांसमोर झाली पाहिजे असे वाटले.

दुसरे हेड एका मोडीत निघालेल्या गाडीचे मिळाले. पंप कॅलिब्रेशन, नवी नोझल, नवे हीटर प्लग, नवी रबरी सीले. एप्रिल २०२० पासून मिळणाऱ्या डिझेलमध्ये गंधकाचे प्रमाण फार कमी आहे. जुनी रबरे त्याला नेहमी टिकतातच असे नाही, म्हणून ती बदलून घेतली.

चाचणी बदलापूरला. पूर्वी इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे लोक सांगतात. बारवी धरणाच्या रस्त्याला मामांनी चाक हाती घेतले. सुकाणूच्या दांड्यावरचा गियर त्यांच्या हाताने आपोआप पडत होता. चढ संपल्यावर त्यांनी न विचारता गाडी कडेला घेतली, बॉनेट उघडले आणि काटा पाहिला. या वेळी आम्ही घड्याळाकडे बघितले नाही. त्याच रस्त्याने मुरबाड गाठून माळशेज चढून गाडी स्वतःच्या चाकांवर घरी आली.

आता कामाच्या गोष्टी. ट्रॅक्टर, पंपाचे इंजिन, गाडी, सर्वांना सारख्याच:

१. बरेच दिवस उभे ठेवायचे असेल तर टाकी भरून ठेवा. सुरू करण्यापूर्वी तळचे पाणी काढा आणि डिझेल फिल्टर बदला.
२. एअर क्लीनर ऑइलचा असेल तर ऑइल खुणेइतकेच ठेवा. धुळीच्या हंगामात तो वारंवार धुवा.
३. डिझेल संपून इंजिनाने हवा पकडली तर सेल्फ मारत बसू नका, आधी हवा काढा.
४. ग्रीसच्या जागा दर हजार-पंधराशे किलोमीटरला भरा.
५. काटा वर गेला की थांबा. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नका, थंड होऊ द्या. चालवणारा थांबू म्हणाला तर मालकाने ऐकावे.

आणखी एक. प्रत्येक जुनी गाडी जपावी असे आमचे म्हणणे नाही. खोडवासुद्धा किती वेळा ठेवायचा याला मर्यादा असते, पुढे रान मोडावेच लागते. जुने डिझेल इंजिन धूर जास्त ओकते, म्हणून रोजच्या कामाला ही गाडी वापरणार नाही. खाजगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची, पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढते. तशी तपासणी होऊन आपल्या गाडीची नोंदणी वाढली आहे.

यंदा बॉयलर अग्निप्रदीपनाच्या दिवशी गाडी गव्हाणीसमोर उभी राहील. चाकावर ड्रायव्हरमामा असतील. सभासदांनी जरूर यावे, बॉनेट उघडून इंजिन पाहावे, आणि हंगामापूर्वी आपापल्या ट्रॅक्टरच्या टाकीचा बूच एकदा काढून बघावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी