एक कड कोरडी, एक ओली

बारामती तालुक्यात नीरा डावा कालवा ओलांडला की जमिनीचा रंग पालटतो. कालवा आणि नीरा नदी यांच्यामधला बागायती पट्टा उसाने हिरवागार. कालव्याच्या वरच्या अंगाला, सुप्याकडे, जिरायती माळ उन्हाळ्यात तांबूस-पिवळा पडलेला. पुढे इंदापूर तालुक्यात भिगवण-कुंभारगावला गेलात, तर उजनी धरणाचं पाणी कुठे संपतं आणि चिखल कुठे सुरू होतो हे सांगता येत नाही. अमूर्त जलरंगचित्र शिकायला हे दोन देखावे पुरेसे आहेत. जलरंगात आकार बोलतो तो त्याच्या कडेतून, आणि मुख्य कडा दोन: कोरडी आणि ओली.

आधी साहित्य. कागद 300 जीएसएमचा, शक्यतो सुती घ्या. पातळ कागद भिजला की फुगतो आणि रंग खळग्यांत साचतो. चारही बाजूंनी चिकटपट्टी लावून तो फळीवर बसवा. रंग चारच: अल्ट्रामरीन निळा, यलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि थोडा क्रिमसन. निळ्यात ऑकर मिसळला की मातकट हिरवा मिळतो, निळ्यात बर्न्ट सिएना मिसळला की सुंदर राखाडी. पांढरा रंग बाजूला ठेवा. जलरंग पारदर्शक असतो, चित्रातला उजेड खालच्या कागदातून येतो. म्हणून उजळ जागा रंगवायच्या नसतात, आधी ठरवून राखायच्या असतात.

आता काडेपेटीएवढ्या चौकोनात पेन्सिलीने तीन आकार मांडा: एक मोठा, एक मध्यम, एक अगदी लहान. ऊस, माळ, झाडं, खांब सगळं गाळा. हिरव्याचं तांबूस रंगाशी असलेलं नातं तेवढं ठेवा. तिन्ही आकार सारखे झाले तर नजर कुठेच ठरत नाही.

पहिली कड कोरडी. कोरड्या कागदावर, फळी जराशी तिरकी धरून, ब्रश भरून हिरवा लावा. खालच्या बाजूला रंगाची ओळ साचते. तीच ब्रशने पुढे ओढत न्या, म्हणजे पट्टे उमटत नाहीत. शेजारी ऑकर लावताना मध्ये दोऱ्याएवढा कागद कोरा सोडा. ही कोरी रेघ म्हणजे तुमचा कालवा. दुसरा थर देण्याआधी तळहाताची मागची बाजू कागदाला टेकवा. गार लागला तर आत ओल आहे, थांबा.

दुसरी कड ओली. उरलेला भाग स्वच्छ पाण्याने भिजवा आणि कागद तिरका धरून चकाकी पाहा. पाणी तळ्यासारखं साचलेलं असेल तर रंग भरकटतो. चकाकी मऊ, एकसारखी झाली की निळा-राखाडी सोडा. तो आपोआप पसरून विरत जाईल. चकाकी गेली, पण कागद अजून दमट आहे, तेव्हा हात आवरा. त्या वेळी टाकलेला पाण्याचा थेंब आधीचा रंग बाहेर ढकलतो आणि फुलकोबीसारखा डाग उमटतो. हवा असेल तेव्हा तो मुद्दाम घडवता येतो, नको असेल तेव्हा पुसता येत नाही. एप्रिल-मेच्या झळांत ही चकाकी भराभर उडते, म्हणून सकाळी बसा.

साचलेला रंग सुकताना त्याची कड गडद का होते? थेंबाच्या काठावर पाणी लवकर उडतं, ती तूट भरायला आतलं पाणी काठाकडे वाहतं आणि रंगाचे कण सोबत नेऊन तिथे सोडतं. 1980 मध्ये पूर्ण झालेल्या उजनीचं पाणी उन्हाळ्यात ओसरतं, पळसदेवचं बुडालेलं मंदिर वर येतं आणि काठावर पातळीच्या रेघा दिसू लागतात. कारण वेगळं, रूप मात्र ओळखीचं. ओसरणारं पाणी आपली खूण काठावर ठेवतं.

शेवटचं काम काढून घेण्याचं. नागपुरात 1924 साली जन्मलेले चित्रकार वासुदेव गायतोंडे आपल्या चित्रांना अमूर्त म्हणण्यापेक्षा वस्तुनिरपेक्ष म्हणणं पसंत करत. तैलरंगात ते रोलर आणि पॅलेट नाइफ वापरून थर चढवत आणि खरवडत. जलरंगात हेच काम ओलसर, पिळलेला ब्रश करतो: सुकलेल्या निळ्यावर तो हलकेच फिरवा, टिश्यूने टिपा, धुकट उजेड येईल. त्या उजेडाजवळ पातळ क्रिमसनचा एकच छोटा आकार ठेवा. भिगवणच्या पाण्यात दिसणारा रोहित पक्षी (फ्लेमिंगो) काढायचा नाही. राखाडी पाण्यावर गुलाबी कसा पेटतो, तेवढंच घ्यायचं.

पूर्ण सुकल्यावर फळी चारही दिशांनी फिरवून बघा. उलटं धरूनही कोरी रेघ ताठ उभी आहे आणि निळा तिच्याशेजारी विरतो आहे, असं दिसलं की ब्रश धुऊन ठेवा. देखावा गेला, त्यातलं नातं कागदावर उरलं.