बेताच्या खर्चात शिकागो

आमच्या थोरल्या कन्येचे पहिले बाळंतपण शिकागोत व्हायचे ठरले, आणि तिच्या आईने तेथे पोहोचायचे कसे, हा प्रश्न घरात उभा राहिला. भिवंडीतील यंत्रमागाचा धंदा म्हणजे आठ दिवस तेजी आणि महिनाभर मंदी. त्यातून दोघांच्या प्रवासाचा खर्च काढणे सोपे नव्हते. तरीही प्रवास घडला. त्यात जे उमगले, ते वाचकांच्या उपयोगी पडावे म्हणून येथे मांडतो.

आधी व्हिसा, मग तिकीट. व्हिसाचे शुल्क माणशी १८५ डॉलर. नकार आला तरी ते परत मिळत नाही, आणि मुलाखतीच्या तारखेसाठी कित्येकदा महिनोन्महिने थांबावे लागते. वांद्रे-कुर्ला संकुलातील वकिलातीत आम्ही कागदांचा गठ्ठा घेऊन गेलो. विचारले गेले जेमतेम तीन प्रश्न. 'बाळंतपणाचे बोलू नका, फिरायला जातो म्हणा,' असा सल्ला अनेकांनी दिला होता. सौभाग्यवतींनी खरे तेच सांगितले, आणि व्हिसा मिळाला.

भाडे ऋतूवर अवलंबून असते. मे-जून आणि डिसेंबरमध्ये शाळांच्या सुट्ट्यांमुळे ते चढते. फेब्रुवारीत उतरते खरे, पण मिशिगन सरोवरावरून येणारा वारा साठीच्या माणसाला सोसवणारा नव्हे. आम्ही एप्रिलचा पहिला पंधरवडा निवडला आणि परतीची तारीख चातुर्मासापूर्वीची धरली.

येथेच आमचे चुकले. एका मध्यस्थाने दोन निराळ्या कंपन्यांची स्वतंत्र तिकिटे जोडून काही हजार रुपये वाचवून दिले. पहिले विमान चार तास उशिरा सुटले आणि दुसरे निघून गेले. तिकिटे वेगळी असल्यामुळे दुसऱ्या कंपनीवर कोणतीच जबाबदारी नव्हती. परक्या विमानतळावर, रात्री दोन वाजता, आम्ही नवे तिकीट काढले. वाचले होते त्याच्या तिप्पट गेले. कन्येला दूरध्वनी करण्याचे धैर्य मला सकाळपर्यंत झाले नाही. तेव्हा थांबा कितीही असोत, सारा प्रवास एकाच आरक्षणावर असावा. वैद्यकीय विम्यातही काटकसर करू नये. अमेरिकेतील रुग्णालयाचे एक देयक आयुष्याची शिल्लक संपवू शकते.

विमानात जैन भोजन मिळते, परंतु ते किमान चोवीस तास आधी नोंदवावे लागते. तरी खाखरे जवळ असू द्यावेत. पश्चिमेकडे उडताना सूर्य मावळता मावळत नाही. मग चौविहार कोणत्या गावाच्या घड्याळाने करायचा? हा प्रश्न निघण्यापूर्वीच महाराजसाहेबांना विचारून घ्यावा. ताजी फळे व बियाणे नेऊ नयेत, आणि जे खाद्य नेले असेल ते तेथील सीमाशुल्क अधिकाऱ्यास स्वतःहून सांगावे. आम्ही डिंकाचे लाडू दाखवले; त्यांनी डबा उघडून पाहिला आणि परत दिला.

ओहेअर विमानतळावरून निळ्या मार्गाची रेल्वे थेट शहराच्या मध्यात नेते. टॅक्सीच्या मानाने भाडे नगण्य. मिलेनियम पार्क आणि लिंकन पार्कमधील प्राणिसंग्रहालय पाहण्यास पैसे पडत नाहीत. नातीला बाबागाडीत घालून आम्ही मिशिगन ॲव्हेन्यूवरील आर्ट इन्स्टिट्यूटच्या पायऱ्यांपाशी गेलो. याच इमारतीत १८९३ च्या सप्टेंबरात सर्वधर्मपरिषद भरली होती, आणि आचार्य आत्मारामजींच्या वतीने वीरचंद राघवजी गांधी तेथे जैन दर्शनावर बोलले होते. वय अवघे एकोणतीस. ते मुंबईहून बोटीने गेले, आणि परतल्यावर समुद्र ओलांडल्याबद्दल समाजात मोठा वाद झाला. आमचे गाऱ्हाणे फार तर एका चुकलेल्या विमानाचे.

जूनमध्ये तेथे सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो. सौभाग्यवती आठ वाजता उजेडात निवांत जेवत, आणि नात मांडीवर झोपलेली असे.